सोयराबाईंचा तारांकित प्रश्न

जयनगरच्या बाजारात, कापडाच्या एका मॅचिंग सेंटरच्या ओट्यावर सोयराबाईंचं मशीन असतं. साडीला फॉल लावणं, पिको करणं, ब्लाउजची शिवण उसवून देणं अशी कामं त्या करतात. नवरा गेल्यापासून हेच चाललं आहे. त्यांचं घराणं बेंगळुरूत इतकं जुनं की कुठल्या गावाहून आलो हे घरात कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण ती अशी की पुण्याहून नोकरीला आलेल्या मुली ऐकून गालात हसतात. "स्वल्प थांब गं, हे संपवून देते," असं सोयराबाई म्हणाल्या की एखादी मोबाइल काढून मैत्रिणीला ऐकवायला बघायची. सोयराबाई मग साडी तिच्या अंगावर परत टाकायच्या आणि दुसरीकडे जा म्हणून सांगायच्या.

स्वभाव असाच होता. कुणापुढे हात पसरला नाही आणि कुणाचं ऐकून घेतलं नाही. रिक्षावाला जादा बोलला तर भर रस्त्यात उतरून चालू लागायच्या. मुलावर त्यांनी माया केली तीही बोचरी. शंभूराज एकुलता एक. त्याने चांगली नोकरी लागल्याचं सांगितलं की त्या म्हणत, बघू किती दिवस टिकते ती. आणि ती खरंच टिकत नसे. क्रेन चालवायला शिकला तेव्हा मात्र त्याचं बस्तान बसलं. मेट्रोच्या खांबांवर त्याने दोन वर्षं काम केलं, लग्न केलं आणि मग आखातातल्या एका देशात गेला. जाताना विमानतळावर बायकोच्या, भव्याच्या, गळ्यात पडून रडला. सोयराबाई म्हणाल्या, लोक बघतायत.

तिथे कामगारांच्या वस्तीत एका खोलीत आठ जण राहत. एका रात्री स्वयंपाकावरून दोघांत जुंपली, शंभूराज सोडवायला गेला, ढकलाढकलीत एकाचं डोकं लोखंडी पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि तो मेला. पोलीस आले तेव्हा बाकीचे पांगले होते. शंभूराज मेलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, म्हणून त्याला धरलं. त्याला वाचता येत नाही अशा लिपीतल्या कागदावर त्याची सही घेतली आणि कोर्टाने तो कबुलीजबाब मानला. मरणाची शिक्षा झाली. मेलेल्याच्या भावाने माफी दिली असती तर तिथल्या कायद्याने ती टळली असती. भावाने माफी दिली नाही.

हे सगळं सोयराबाईंना शंभूराजनेच फोनवर सांगितलं. तुरुंगातून दर शुक्रवारी फोन करू देत. तो भव्याशी बोले, मग आईशी. आईशी बोलताना त्याचा आवाज शाळकरी पोरासारखा होई. सोयराबाई त्याला जेवलास का एवढंच विचारत, कारण पुढचं काही विचारलं की त्यांना स्वतःचाच आवाज आवरत नसे.

भव्या सासूजवळच राहिली. ती इंदिरानगरला एका दातांच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा नोंदवायचं काम करी. शिकलेली, इंग्रजी येणारी, मऊ बोलणारी मुलगी. कानडी धाटणीने सासूला अत्ते म्हणे. दोघींचं फारसं पटत नव्हतं, पण शुक्रवार दोघींचा होता. त्या दिवशी दोघी उपाशी बसत आणि फोन झाला की एका ताटात जेवत.

खासदाराकडे जायचं भव्यानेच काढलं. यशोवर्धन जगदाळे त्यांच्याच समाजाचा. चाळिशीतला देखणा माणूस, पहिल्यांदाच निवडून गेलेला आणि विरोधी बाकावर बसणारा. लोक त्याला यशोअण्णा म्हणत. सोयराबाई आधी नाही म्हणाल्या, मग गेल्या. त्याच्या ऑफिसात बाकड्यावर बसून राहायचं, नंबर आला की आत जायचं, हे त्यांच्या अंगवळणी कधी पडलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी नमस्कारसुद्धा केला नाही. पण यशोवर्धनने सगळं ऐकून घेतलं. मध्ये फोन वाजला तो त्याने बंद केला. शंभूराजचा फोटो हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला की हा आपला पोरगा आहे, मी सरकारला जाब विचारतो.

आणि त्याने विचारला, हे नाकारता येणार नाही. पुढच्या अधिवेशनात त्याने कायदामंत्र्यांना विचारलं, परक्या देशात शिक्षा झालेल्या आपल्या माणसांना उरलेली शिक्षा आपल्याकडे भोगू देण्याचा करार त्या देशाशी का नाही. कायदामंत्री म्हणाले, हा परराष्ट्र व्यवहाराचा प्रश्न आहे. परराष्ट्रमंत्र्यांना विचारलं तर त्यांचं लेखी उत्तर आलं, की त्या देशाचा कायदा त्याच्या वाटेने जाईल, आपण वकील देऊ केला आहे. तो वकील शंभूराजला एकदाच भेटला होता. यशोवर्धनने हे सगळं टीव्हीवर सांगितलं. तो बोलायचा छान. न्याय हा शब्द त्याच्या तोंडी असा यायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आत्ताच याने पहिल्यांदा उच्चारला.

सोयराबाई बदलल्या. ज्या बाईने कुणाला नमस्कार केला नव्हता ती ऑफिसात शिरताना चपला बाहेर काढू लागली. यशोवर्धन कुठे सभेला बोलावेल तिथे जाऊन पहिल्या रांगेत बसू लागली. चार लोकांसमोर तो त्यांना आईसाहेब म्हणे, एकटं असताना अक्का. त्याचं ऑफिस सांभाळणारा रविकिरण त्यांचे फोटो काढून मोबाइलवर टाकी. फोटो काढताना तो सांगे, अक्का, डोक्यावर पदर घ्या. त्या घेत. घरी त्यांनी आयुष्यात कधी पदर घेतला नव्हता.

मग शुक्रवारचे फोन बंद झाले. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. दूतावासात विचारलं तर चौकशी करतो म्हणाले. रविकिरण म्हणाला, तुरुंगात काहीतरी भांडण झालं असेल, म्हणून सगळ्यांचेच फोन बंद केले असतील. भव्याला ते पटलं नाही, पण सोयराबाईंनी ते घट्ट धरून ठेवलं. शंभूचं डोकं गरम, त्यानेच काहीतरी केलं असणार, असं म्हणून त्या इथल्या इथे त्याला शिव्या देत.

याच सुमारास संसदेच्या सोडतीत यशोवर्धनचा प्रश्न चिठ्ठीत निघाला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि ज्यावर उलट प्रश्न विचारता येतात. रविकिरण आनंदाने घरी सांगायला आला. अशी चिठ्ठी निघायला नशीब लागतं, म्हणाला. आता मंत्र्यांना तोंड लपवता येणार नाही. तुम्ही दोघी त्या दिवशी ऑफिसात या, आपण सगळे मिळून बघू.

त्या दिवशी सोयराबाईंनी सकाळी डोक्यावरून न्हाऊन घेतलं. लग्नातली हिरवी इरकल काढली. भव्या म्हणाली, एवढी भारी साडी कशाला, तर म्हणाल्या, शंभूचं नाव दिल्लीत घेणार आहेत, मळकी बसू का मी? दुकानाच्या मालकाला सांगून सुट्टी घेतली, आणि शेजारच्या फुलवालीकडून एक गजरा घेऊन अर्धा भव्याच्या केसांत स्वतःच्या हाताने माळला. असं त्यांनी शंभूच्या लग्नानंतर पहिल्यांदाच केलं.

ऑफिसात मोठा टीव्ही लावला होता. समोर दोन खुर्च्या होत्या, त्यांच्या समोर एका काठीवर मोबाइल, आणि दुसरा मोबाइल एका मुलीच्या हातात. रविकिरण सकाळपासून कुणाशीच नीट बोलत नव्हता. त्याने दोघींना बसवलं, सोयराबाईंची खुर्ची जरा उजेडाकडे सरकवली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. सोयराबाईंनी त्याला विचारलं, तुला बरं नाही का. तो म्हणाला, नाही अक्का, बरा आहे.

प्रश्नाचा पुकारा झाला. परराष्ट्रमंत्री उठले, इंग्रजीत एक वाक्य बोलले आणि खाली बसले. उत्तर सभागृहाच्या टेबलावर ठेवलं आहे, एवढंच ते होतं. मग यशोवर्धन उठला. पांढरा कुर्ता, खांद्यावर शेला. तोही इंग्रजीत बोलला, पण मध्ये 'शंभूराज' हे नाव स्वच्छ आलं. एकदा नाही, तीनदा आलं. बेंगळुरूच्या एका गल्लीतल्या पोराचं नाव तिथे, त्या उंच छताखाली घुमलं. सोयराबाईंचं ऊर भरून आलं. त्यांनी टीव्हीकडे बघून दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले.

यशोवर्धनने विचारलं होतं, शंभूराज आज कुठे आहे, हे मंत्री सभागृहाला सांगतील का?

मंत्री पुन्हा उठले. त्यांनी चष्मा काढला. हळू आवाजात, इंग्रजीतच, चार-पाच वाक्यं बोलले. सोयराबाईंचे हात जोडलेलेच होते. शेजारी भव्याने दोन्ही तळवे तोंडावर दाबले आणि तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला. सोयराबाईंनी तिच्याकडे रागाने पाहिलं.

"रडतेस काय?" त्या म्हणाल्या. "नाव घेतायत त्याचं. गप बस."

भव्या गप्प बसली. ती खुर्चीत अशी दुमडली होती की केसांतला गजरा सुटून मांडीवर पडला. मोबाइल धरलेल्या मुलीने हात खाली केला नाही. रविकिरण भिंतीकडे तोंड करून उभा होता.

यशोवर्धन दुसऱ्यांदा उठला तेव्हा तो कानडीत बोलला. त्याच्या मतदारांना कळावं म्हणून असेल. सोयराबाईंना त्यातला शब्द न् शब्द कळला.

"अध्यक्ष महाराज," तो म्हणाला, "मंत्री महोदय सांगतात की मागच्या महिन्यातच शिक्षा अमलात आली आणि त्या देशाने आपल्या सरकारला ते काल कळवलं. शंभूराजला तिथल्याच मातीत पुरलं आहे. त्याची आई या क्षणी बेंगळुरूत माझ्या ऑफिसात टीव्हीसमोर बसली आहे. आपला मुलगा या जगात नाही हे तिला आत्ता, माझ्या तोंडून कळतं आहे. मंत्री महोदय, त्या आईच्या डोळ्यांत बघून सांगा, हा न्याय आहे का? हे तुमचं परराष्ट्र धोरण आहे का?"

सोयराबाईंचे हात अजून जोडलेले होते. ते सोडवायचे असतात हे जणू त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग समोरच्या मोबाइलकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. टीव्हीवर मंत्री काहीतरी म्हणत होते आणि आता मोठा गोंधळ चालला होता. सोयराबाई खुर्चीवरून उठल्या, दोन पावलं चालल्या आणि इरकलीत पाय अडकून टीव्हीच्या टेबलावर आदळल्या. त्यांच्या तोंडून रडणं निघालं नाही. नुसता श्वास निघत होता, धाप लागल्यासारखा, आणि तो थांबेना.

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत देशभर गेला. जोडलेले हात, डोळ्यांतला आनंद, मग यशोवर्धनचं कानडी वाक्य, आणि मग तो चेहरा. मागे कुणीतरी सनईसारखं काही लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते पेपरांत आलं, तिसऱ्या दिवशी मोठमोठ्या चॅनलांवर चर्चा झाल्या. लोकांनी यशोवर्धनचं भाषण पुन्हापुन्हा ऐकलं. त्याच्या पक्षाने त्याला परराष्ट्र व्यवहाराच्या समितीवर पाठवलं. सोयराबाई घरात भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. प्रेत नव्हतं, नेमका दिवस माहीत नव्हता, त्यामुळे दहावं कधीचं धरायचं हेही कुणाला सांगता येत नव्हतं. शेवटी भटजींनी अमावास्या धरून करून टाकलं.

पुन्हा मशीनवर बसायला लागल्या तेव्हा गिऱ्हाइकं त्यांच्याकडे चोरून बघत. एक दिवस पुण्याची एक बाई साडी घेऊन आली. तिने सोयराबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "त्या मंत्र्यांचा मला इतका राग आला, मावशी. वर म्हणतात कसे, की उत्तर तर प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांच्या हातात सकाळीच पडलं होतं, मला वाटलं त्यांनी घरच्यांना कळवलं असेल."

सोयराबाईंनी विचारलं, असं कोण म्हणालं? ती म्हणाली, मंत्रीच, त्याच वेळी, सभागृहात. त्या गोंधळात ते कुणी धड ऐकलं नाही, आणि व्हिडिओत ते कापलं आहे. तिने मोबाइल काढून मूळ भाषण लावलं आणि इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत करून पुन्हा सांगितलं. सोयराबाईंनी तिची साडी पुरी करून दिली. टाके सरळ आले. मग मशीनवर फडकं टाकलं आणि त्या उठल्या.

रविवार होता. यशोवर्धन ऑफिसात होता आणि बाहेर बाकडी भरलेली होती. सोयराबाईंना बघताच लोक उठून उभे राहिले. यशोवर्धन स्वतः दारापर्यंत आला, त्यांच्या पाया पडला, आत नेलं, कॉफी सांगितली. सोयराबाई बसल्या नाहीत.

"तुम्हाला सकाळी कळलं होतं," त्या म्हणाल्या.

त्याने दार लावून घेतलं. नाही म्हणेल, असं सोयराबाईंना वाटलं होतं. नाही म्हणाला असता तर त्यांनी कदाचित विश्वासही ठेवला असता.

"कळलं होतं," तो म्हणाला.

"रविकिरणला?"

"त्यालाही. मीच त्याला सांगितलं, बोलू नकोस म्हणून."

"फोन का नाही केलात?"

यशोवर्धन टेबलाच्या कडेवर टेकला. आवाज चढवला नाही की डोळे चुकवले नाहीत. तो म्हणाला की फोन केला असता तर तुम्ही घरी रडला असता, गल्लीतली दहा माणसं आली असती, आणि मी सभागृहात उभा राहून उत्तर ऐकून खाली बसलो असतो, जसे रोज पन्नास जण बसतात. असली उत्तरं त्याने खूप ऐकली होती. मंत्री वाईट माणूस नाही, पण कागद वाचून झाला की तो विसरतो. त्या दिवशी मात्र तो विसरू शकला नाही. तेव्हापासून त्या खात्यात बाहेरच्या तुरुंगातल्या प्रत्येक माणसाची चौकशी सुरू झाली होती. "पुढच्या पोराच्या वेळी ते झोपून राहणार नाहीत, अक्का. हे माझ्या भाषणाने झालं नाही. तुमच्या चेहऱ्याने झालं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तो चेहरा राहिला नसता."

कॉफी आली, तिच्यावर साय धरली.

"तुमची आई असती त्या खुर्चीत, तर?"

यशोवर्धनने खरोखर विचार केला. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"माझी आई असती तर सकाळीच सांगितलं असतं," तो म्हणाला.

मग तो म्हणाला की तुम्हाला कशाची गरज लागली तर माझं घर तुमचंच आहे. दार उघडून त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

सोयराबाई चालतच घरी आल्या. सगळ्या रस्त्याने त्या त्याला काय काय म्हणायला हवं होतं ते जुळवत होत्या. पण त्याचं त्या काहीही वाकडं करू शकणार नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं. ज्यांना सांगावं ते सगळे त्याच्या पाया पडणारे होते. घरात शिरल्या तेव्हा भव्या भाजी चिरत होती.

"मंत्री काय म्हणाला ते तुला कळलं होतं," त्यांनी दारातूनच विचारलं. "यशोला सकाळीच माहीत होतं, हे."

भव्याने सुरी खाली ठेवली. ती खोटं बोलणारी नव्हती. "कळलं होतं, अत्ते," ती म्हणाली. "तुम्ही टेबलावर पडला होता तेव्हा. तुम्हाला कसं सांगणार होते मी? त्या माणसाशिवाय आपल्याला कुणी नव्हतं. एवढा तरी आधार राहू दे तुम्हाला, असं वाटलं."

"आणि मी हात जोडून बसले होते, तेव्हा?"

भव्याने चिरलेली भाजी बाजूला सारली.

"माझा पोरगा मेला हे तुला माझ्या आधी कळलं. तू माझ्या शेजारी बसून माझे जोडलेले हात बघत राहिलीस. खाली ओढले नाहीस."

"तुम्ही मला गप बस म्हणालात," भव्या म्हणाली.

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सोयराबाईंना सोसलं नाही. त्या दिवशी त्यांच्या तोंडून जे निघालं ते गल्लीने ऐकलं. पांढऱ्या पायाची म्हणाल्या. नवरा गेला ते बरंच झालं ना, आता मोकळी झालीस, दवाखान्यातल्या कुणा डॉक्टरच्या गळ्यात पड, असंही म्हणाल्या. यशोवर्धनसमोर जे जे गिळलं होतं ते सगळं त्यांनी या पोरीवर ओतलं. ती उलट बोलली असती तर कदाचित थांबल्या असत्या. भव्या भिंतीला धरून ऐकत राहिली. मग तिने आपले कपडे एका पिशवीत भरले. होसूरला तिचं माहेर होतं. जाताना तिने विचारलं, शंभूचा एखादा शर्ट घेऊ का? सोयराबाई म्हणाल्या, त्याच्या कशालाही हात लावायचा नाही.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. सोयराबाई दारापर्यंतसुद्धा गेल्या नाहीत.

पावसाळी अधिवेशन आलं. यशोवर्धनचा आणखी एक प्रश्न चिठ्ठीत निघाला. या वेळी मुलगा के. आर. पुरमचा होता, गिरीराज नावाचा. कुणीतरी त्याच्या हातात बॅग दिली आणि परक्या विमानतळावर तिच्यात गुंगीचं औषध सापडलं. त्याच्या आईला, गोजराबाईंना, ऑफिसात बसवून टीव्ही दाखवणार, हे सोयराबाईंच्या कानावर बाजारात आलं. रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळी त्या निघाल्या आणि ऑफिसच्या फाटकाशीच उभ्या राहिल्या.

गोजराबाई नवी साडी नेसून रिक्षातून उतरल्या. सोयराबाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की आत जाऊ नका, आधी त्याला फोन करून विचारा, उत्तर काय आलंय ते, त्याच्या हातात ते आत्ता आहे. माझं काय केलं ते माहीत आहे ना तुम्हाला. तुमचाही चेहरा त्याला हवाय.

गोजराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. साधी, थकलेली बाई होती. तिने सोयराबाईंचा हात आपल्या दंडावरून हळूच काढला.

"तुमचा गेला, म्हणून माझाही जावा, असं वाटतंय का तुम्हाला, अक्का?" ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, खरोखर विचारल्यासारखं.

ती आत गेली. सोयराबाई मागोमाग गेल्या. रविकिरणने त्यांना पाहून मान खाली घातली, पण अडवलं नाही. टीव्ही तोच होता. खुर्ची एकच होती. सोयराबाई दाराशी उभ्या राहिल्या. पुकारा झाला, यशोवर्धन उठला, गिरीराजचं नाव घेतलं. गोजराबाईंनी हात जोडले नाहीत. साडीचा काठ मुठीत आवळून त्या बसल्या होत्या. मंत्री उठले, आणि त्यांनी चष्मा काढला.

तो एवढासा वेळ सोयराबाईंना पुढे कधीच विसरता आला नाही. टीव्हीवरचा माणूस तोंड उघडणार, त्याआधीच्या त्या थांबण्यात त्यांच्या मनात आलं, मेला असू दे. स्पष्ट आलं, शब्दांत आलं. या बाईचं तोंडही माझ्यासारखं होऊ दे. मग हिला कळेल, मी खोटं बोलत नव्हते.

मंत्री या वेळी हिंदीत बोलले. त्या सरकारशी आपण सतत बोलत होतो, ते म्हणाले, आणि परवा गिरीराजला माफी मिळाली आहे. येत्या आठवड्यात तो घरी येईल. बाकं वाजली, दोन्ही बाजूंची. यशोवर्धन हात जोडून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. ते खोटे नव्हते. खुर्चीत गोजराबाई मोठ्याने हसत होत्या आणि रडत होत्या. त्यांनी वळून सोयराबाईंना पाहिलं, उठून आल्या आणि त्यांना मिठी मारली. तुमच्या शंभूमुळे माझा सुटला, असं त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. मोबाइल धरलेली मुलगी वेगळी होती. ती दोघींच्या भोवती फिरून तो क्षण घेत होती. रविकिरण हळूच म्हणाला, अक्का, जरा इकडे बघा.

सोयराबाईंनी तिकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी होसूरला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर भव्याने उचलला. ती म्हणाली, सांगा. सोयराबाईंच्या मनात सकाळपासून जे होतं ते त्यांना एका तरी माणसाला सांगायचं होतं, आणि जगात ते समजून घेईल असं हे एकच माणूस होतं. पण त्या म्हणाल्या, शंभूचे कपडे आहेत, तुला पाठवून देऊ का?

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"नको आता," ती म्हणाली. "कुणाला तरी देऊन टाका."

त्यानंतर दोघींचं बोलणं झालेलं नाही. भव्याचं दुसरं लग्न ठरल्याचं सोयराबाईंना बाजारात कळलं. यशोवर्धन पुन्हा निवडून आला. शंभूराजचं शव परत आणण्याविषयीचा प्रश्न त्याने दोनदा पाठवला, पण चिठ्ठीत तो काही निघाला नाही. सोयराबाई रोज सकाळी मशीनवरचं फडकं काढतात. अजूनही कधीमधी कुणी अनोळखी बाई ओट्याशी थांबून म्हणते, तुमच्या मुलाच्या जाण्याने किती जणांचं भलं झालं. सोयराबाई मान वर न करता विचारतात, फॉल कुठल्या रंगाचा लावू?